वाचक विचारतात: नटीचं काम, गावापासून सेटपर्यंत

मंडई-शंकरपटाचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे आणि बैलांच्या शर्यतींचे, दिवस जवळ आले की नाटक-सिनेमाची पत्रं वाढतात. यंदा बहुतेक पत्रं मुलींची किंवा त्यांच्या आयांची आहेत. सारख्या प्रश्नांना एकदाच उत्तर दिलं आहे. नावं छापू नका, असं बऱ्याच जणींनी लिहिलं होतं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

माझी पोरगी 20 वर्षांची हाय. दोन हंगाम झाले, वडशाच्या एका नाटक कंपनीत काम करून राहिली. आता म्हणते, मले सिरियलमध्ये जायचं. ऑडिशनमध्ये काय करा लागते? मुंबईले जाणं लागतेच काय?
– एक आई, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

ताई, पहिल्या फेरीसाठी मुंबईचं तिकीट काढू नका. आता पहिली चाचणी मोबाइलवरच होते. कास्टिंग करणारे दोन व्हिडिओ मागवतात, एक 'इंट्रो' आणि दुसरा त्यांनी पाठवलेल्या संवादाचा.

इंट्रो मिनिटभराचा असतो. नाव, वय, उंची, सध्या राहतो ते गाव, येणाऱ्या भाषा आणि आधीचं काम एवढंच सांगायचं. मग चेहऱ्याची डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून, आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण उभं. हात कशाला, असं वाटेल. गोंदण, टॅटू, भाजल्याची खूण असेल तर ती रोज झाकावी लागते, ते त्यांना आधी कळायला हवं असतं. उंची वाढवून सांगू नका. समोरचा नट आधीच ठरलेला असतो आणि दोघं एका चौकटीत कशी दिसतील याचा हिशेब चाललेला असतो. सेटवर गेल्यावर दोन इंच कमी निघाले की काम जातं.

चित्रीकरणासाठी सकाळी आठ ते दहाची वेळ धरा. पूर्वेच्या दाराकडं किंवा खिडकीकडं तोंड करून उभं राहायचं, म्हणजे उजेड समोरून येतो. दार पाठीमागं ठेवलं तर चेहरा काळा पडतो. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. भर दुपारी अंगणात उभं राहिलं तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टुलावर डबे रचून पक्का टेकवा. त्यांनी उभा मागितला असेल तरच उभा. मागं साधी भिंत. रंग उडालेला असला तरी चालेल, पण कॅलेंडर, देवांचे फोटो, दोरीवरचे कपडे काढा. पंखा आणि कूलर बंद. सुंदर दिसण्याचे फिल्टर बंद. अंगावर साधा एकरंगी ड्रेस किंवा साडी. बारीक चौकडी नको, ती कॅमेऱ्यात लवलवते.

समोरच्या पात्राची वाक्यं घरातल्या कुणीतरी मोबाइलच्या अगदी शेजारी बसून हळू आवाजात म्हणावी. मुलीनं त्या माणसाकडं बघायचं, लेन्समध्ये नाही. इंट्रोत मात्र लेन्समध्येच. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ टाकला तर दबून खराब होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि फाइलच्या नावात मुलीचं नाव, वय आणि भूमिका लिहा. शेकडो व्हिडिओंमध्ये फक्त नंबरानं आलेली फाइल कुणी शोधत बसत नाही.

आता झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचं. दोन हंगामांत तिला जे मिळालं ते मुंबईच्या क्लासात मिळत नाही. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो, पहाटेपर्यंत प्रयोग चालतो, चूक झाली तर तिथंच सावरावी लागते. भीती मोडलेली असते, गाणं-नाच-विनोद अंगात मुरलेला असतो. पण तीच सवय कॅमेऱ्यासमोर आडवी येते. शामियान्याच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला रडणं दिसावं म्हणून नटी खांदे, हात, भुवया सगळं वापरते. कॅमेरा दोन हातांवर असतो, तिथं तेवढीच भुवई उडाली तर सोंग वाटतं.

उपाय असा. एकच प्रवेश तीनदा चित्रित करा. पहिल्यांदा पूर्ण उंची, मग कमरेपासून वर, मग फक्त चेहरा. तिसऱ्या वेळी हात पाठीमागं बांधून, आवाज समोर बसलेल्या एका माणसाला ऐकू जाईल एवढाच. ऐकताना मान डोलवायची नाही. पापण्यांची उघडझाप मोजा. घाबरलेली मुलगी भराभर पापण्या मिटते, आणि क्लोजअपमध्ये सगळ्यात आधी तेच दिसतं. पंधरा दिवसांत फरक पडतो. प्रॉम्प्टरच्या भरवशावर काम करायची सवय असेल तर ती आधी मोडा, सेटवर मागून वाक्य पुरवणारं कुणी नसतं.

एक व्यवहाराची गोष्ट. ऑडिशनं होळी ते दिवाळी या काळात, म्हणजे नाटकांचा हंगाम नसताना, द्यावीत. सिरियलवाले महिन्याच्या सलग तारखा मागतात. हंगामाचं बुकिंग घेऊन, पोस्टरवर फोटो छापून झाल्यावर मध्येच सोडलं तर गावचे आयोजक आणि कंपनी दोघंही अडचणीत येतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्यांचं दार पुढं बंद होतं. ते दार बंद करण्याइतकी सिरियलची नोकरी पक्की नसते. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. हा काही दुय्यम धंदा नव्हे.

व्हिडिओ आवडला तर 'लूक टेस्ट'ला, म्हणजे मेकअप-कपडे करून कॅमेऱ्यासमोरच्या चाचणीला, बोलावतात. काम एका दिवसाचं असतं. प्रवासखर्च कोण देणार ते फोनवरच विचारा, बहुधा आपलाच असतो. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस सरळ मुंबईला जाते. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. 'आलोच आहोत तर महिनाभर राहून बघू' यात घरची गंगाजळी संपते.

ऑडिशन दिली तर 'भाषा गावंढळ आहे' म्हणून सांगितलं. वऱ्हाडी बोलणं बंद करावं का?
– बी.ए. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, ता. मंगरुळपीर, जि. वाशिम

बंद करायचं कारण नाही. घरची बोली ठेवायची आणि दुसरी शिकून घ्यायची, जशी परीक्षेच्या पेपरात लिहिता तशी. 'गावंढळ' म्हणणाऱ्याला बहुधा चारच गोष्टी खटकलेल्या असतात.

पहिली, ळ. आपल्याकडं डोळ्याचा 'डोया', शाळेची 'शाया', केळीची 'केयी' होते. दुसरी, ण. 'पानी', 'कोन' असं निघतं. तिसरी, 'ले': मले, तुले, घराले. चौथी सगळ्यात चिवट, कारण शिकलेल्या माणसाच्याही ती लक्षात येत नाही. ती म्हणजे 'करून राहिली', 'येऊन राहिला'. संवादात 'मी स्वयंपाक करतेय' लिहिलेलं असतं आणि घाईत तोंडातून 'करून राहिली' जातं.

रोज वीस मिनिटं वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना फक्त ळ आणि ण कडं लक्ष. 'बाळ, वेळ, काळोख, डोळे, पाणी, क्षण, कोण, प्राण' ही ओळ दहा वेळा, आधी हळू मग भरभर. ळ म्हणताना जिभेचं टोक मागं वळून टाळूला लागलं पाहिजे. ते लागलं नाही की 'य' होतो. मग च-ज घ्या. 'चमचा'तला च वेगळा, 'चंद्र'मधला वेगळा. 'जग'मधला ज वेगळा, 'जीव'मधला वेगळा. सहा आठवडे सातत्यानं केलं तर पुरतं.

वऱ्हाडीचा उपयोगही सांगतो. विदर्भातलं पात्र असलं की तिकडच्या नट्या सगळ्या वाक्यांना 'बाप्पा' आणि 'काहून' चिकटवतात आणि आपल्याला हसू येतं. तुमच्या इंट्रोत भाषांच्या यादीत 'वऱ्हाडी' असं स्पष्ट सांगा आणि तीस सेकंद बोलून दाखवा. हिंदीही सांगा. आपल्याकडच्या मुलींची हिंदी बाजारात, गाडीत, शेजारात घोटलेली असते, मुंबईत त्याला किंमत आहे.

सिरियलमध्ये रोलसाठी 'आर्टिस्ट कार्ड' आणि नोंदणी म्हणून 18 हजार भरले. आता फोन उचलत नाहीत.
– एक पालक, जि. यवतमाळ

आज, आत्ता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. बँकेलाही कळवा. जितके तास जातात तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी होते. व्यवहार क्रमांक, चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. गट सोडू नका, चॅट पुसू नका.

बाकीच्यांसाठी: काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. कास्टिंग करणाऱ्यांना निर्माता पैसे देतो. कोऑर्डिनेटर, म्हणजे काम मिळवून देणारा मध्यस्थ, असेल तर तो तुमच्या मिळालेल्या मानधनातून टक्केवारी कापतो, साधारण 15 ते 25, आणि तीही काम झाल्यावर. आधी कार्ड, आधी विमा, आधी ड्रेसचे पैसे, आधी 'वर्कशॉप' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. कलाकारांची 'सिंटा' ही संघटना 1958 पासून आहे. तिचं कार्ड मुंबईतला कुणी एजंट गावात विकत नाही. संशय आला तर निर्मिती संस्थेचं नाव सिरियलच्या शेवटी पडणाऱ्या नामावलीत बघा, तिच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून फोन करा. समोरच्यानं दिलेल्या नंबरावर खात्री करून काही उपयोग नाही.

मुलगा आठ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. मुलीला एका मालिकेत विचारलं आहे. शाळेचं काय? कायद्यानं चालतं का?
– एक वडील, ता. मेहकर, जि. बुलढाणा

चालतं, पण अटी कडक आहेत. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये नियम आले. त्यांत बालकलाकारांना सूट आहे ती अशी: दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होतं तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं काढायची. सोबत पालकांची लेखी संमती लागते आणि मुलांची काळजी घेणारी जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, जास्तीत जास्त पाच मुलांमागं एक. मुलाला नको असेल तर त्याच्या मनाविरुद्ध काम घेता येत नाही.

पैशाचा नियम फार थोड्यांना माहीत आहे. मुलीच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावच्या मुदत ठेवीत जमा करायचे, आणि ते तिला सज्ञान झाल्यावर मिळायचे. करारातच खाते क्रमांक लिहून घ्या. 'नंतर बघू' म्हटलं की विसरलं जातं.

आता कायद्याबाहेरचं. मुलीचे तास पाच असले तरी तुमचे बारा होतात. सेटवर नंबर यायची वाट बघण्यातच दिवस जातो. आई किंवा वडील यांपैकी एकाला मुंबईत राहावं लागेल. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी कोण बघणार, मुलाची शाळा कोण करणार, हे लिहून काढा. दोन-चार दिवसांची भूमिका असेल तर खुशाल जा. वर्षभराची असेल तर आमचं मत नको असं आहे. मालिकेत सहा महिन्यांनी 'पाच वर्षांनंतर' अशी पाटी पडते आणि लहान मुलीच्या जागी मोठी येते. तुम्ही तोवर मेहकरचं घर बंद केलेलं असतं.

निवड झाली! नायिकेच्या नणंदेची भूमिका. करारपत्र इंग्रजीत 14 पानांचं आहे. सही करण्याआधी काय बघू?
– वर्धा जिल्ह्यातून

अभिनंदन. सही आज करू नका, दोन दिवस मागून घ्या. कुणी त्यावरून काम काढून घेत नाही.

मानधन महिन्याचं नसतं, दिवसाचं असतं. म्हणून 'रोज किती' याच्याइतकंच 'महिन्याला किमान किती दिवस' हे महत्त्वाचं. किमान दिवसांची हमी नसेल तर नणंद माहेरी गेली की तुमचे पैसेही जातात. 'दिवस' म्हणजे बारा तासांची शिफ्ट. त्यात मेकअप धरला आहे का, बारा तासांनंतर जादा पैसे आहेत का, ते वाचा. शिफ्ट रात्री संपली तर घरी सोडायची गाडी कोण देणार, हे लेखी हवं. मालिकांचे सेट गोरेगावच्या चित्रनगरीत असतात तसे मढ, मीरा रोड, नायगाव, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरही असतात. रात्री एकला तिथून खोलीवर पोहोचणं हा रोजचा प्रश्न आहे.

मग 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द शोधा. याचा अर्थ ही मालिका चालू असेपर्यंत, आणि कधी कधी संपल्यावरही काही महिने, दुसरीकडं काम करायचं नाही. मुदत किती ते बघा. नाटक आणि झाडीपट्टीचे प्रयोग त्यातून वगळायला सांगा. मागितलं तर पुष्कळदा मिळतं. त्यांनी काढलं तर किती दिवसांची नोटीस आणि तुम्ही सोडलं तर किती, हे दोन आकडे सारखे आहेत का? बहुधा नसतात. तुमच्या बाजूला दंडाचा आकडा लिहिला असेल तर तो कमी करून घ्या.

पैसे साधारण 90 दिवसांनी येतात. इथं मुली कोसळतात. समजा रोज 3,000 रुपये आणि महिन्यात 18 दिवस काम झालं. बिल 54,000 चं. त्यातून 10 टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) म्हणजे 5,400 गेले. कोऑर्डिनेटरचे 15 टक्के म्हणजे 8,100. हातात 40,500. हे जूनच्या कामाचे पैसे, येणार सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे जून ते सप्टेंबर चार महिन्यांचं भाडं, जेवण, लोकल-रिक्षा घरून घेऊन जायचं. शिवाय खोलीची अनामत रक्कम. खोली घ्या तर 11 महिन्यांचा नोंदणी केलेला करार करूनच घ्या.

बिल स्वतः पाठवावं लागतं. नव्या मुली 'आपोआप जमा होईल' म्हणून बसून राहतात, आणि 90 दिवस बिल पोहोचल्यापासून मोजतात. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मेल करा. वहीत रोजची आत येण्याची-बाहेर पडण्याची वेळ लिहा, प्रॉडक्शनच्या माणसाकडून आठवड्याला पडताळून घ्या. पॅन आणि आधारवर नाव एकच हवं. एकावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं असलं की बिल अडतं. पॅनच चालू नसेल तर टीडीएस 20 टक्के कापला जातो. कापलेला कर बुडालेला नसतो. वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर रिटर्न भरून परत मिळतो, पण रिटर्न भरावंच लागतं.

आणि 14 पानं वर्ध्याच्याच एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या. फी द्यावी लागेल तेवढी द्या.

सिरियलमधल्या बायका रोज एवढं रडतात, खरं रडतात का? आणि एकच गोष्ट इतकी ताणतात कशाला?
– बचत गटातल्या आम्ही सगळ्या, ता. मूल, जि. चंद्रपूर

दोन्ही असतं. पहिला शॉट खरा असतो. पण एकच रडणं आधी सगळे दिसतील असं, मग खांद्यावरून, मग क्लोजअप, मग समोरच्याचा क्लोजअप असं तीन-चार तास चालतं. तेवढं पाणी कुणाच्याच डोळ्यांत नसतं. मग ग्लिसरीन येतं. खालच्या पापणीच्या कडेला थेंबभर लावतात. ते ओलावा ओढून घेतं आणि डोळा चुरचुरतो, की पाणी सुटतं. कुणी मेंथॉलची कांडी डोळ्याखाली फिरवतात, तिच्या वाफेनं पाणी येतं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढावी लागते, आणि पॅकअप झाल्यावर स्वच्छ पाण्यानं डोळे धुवावे लागतात. रोज करून डोळे लाल राहतात, मग लालीचेही थेंब टाकतात. हे चक्र चांगलं नाही, म्हणून जुन्या नट्या जमेल तितकं कोरडंच रडतात, गळ्यानं.

ताणायचं कारण हिशेबाचं आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटांचा मजकूर लागतो, आठवड्याला सहा-सात भाग. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे मालिका किती लोकांनी पाहिली त्याचे, आकडे येतात. नणंदेच्या कटाला आकडा चढला की कट पंधरा दिवस वाढतो. त्यामुळे संवाद पुष्कळदा त्याच सकाळी हातात पडतात. मेकअपच्या खुर्चीत बसून दोन पानं पाठ करता येणं हे या धंद्यातलं खरं कौशल्य. दिसणं नंतर.

तुमच्यातल्या एकीनं विचारलं आहे की दार उघडून आत येताना टिकली बदलते, ती चूक कशी होते. बाहेरचा भाग मंगळवारी आणि आतला शुक्रवारी चित्रित झालेला असतो. फोटो काढून ठेवणारा सहायक असतो, पण तो पाच बायकांच्या पाच टिकल्या सांभाळत असतो. हुशार नटी आपला फोटो आपणच काढून ठेवते.

स्मिता पाटील आधी टीव्हीवर बातम्या वाचायच्या, हे खरं का? आज तसं टीव्हीवरून सिनेमात जाता येईल?
– एक निवृत्त शिक्षक, पुसद

गुरुजी, खरं आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि त्या पहिल्या काही वर्षांत स्मिता पाटील मराठी बातम्या देत. जन्म 17 ऑक्टोबर 1955, पुण्याचा. घर मूळचं खानदेशातल्या शिरपूरकडचं. श्याम बेनेगलांनी त्यांना 1975 च्या 'चरणदास चोर' आणि 'निशांत'मध्ये घेतलं, मग 'मंथन' आणि 1977 साली 'भूमिका'. 'भूमिका' हा हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावरचा, म्हणजे एका नटीचंच आयुष्य. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा त्या बाविशीतल्या होत्या. 1977 सालीच मराठीत 'जैत रे जैत', 1982 साली 'उंबरठा'. दुसरा राष्ट्रीय पुरस्कार 'चक्र'साठी, 1985 साली पद्मश्री. 13 डिसेंबर 1986 ला, बाळंतपणानंतर पंधरवड्यात, त्या गेल्या. वय 31. 'मिर्च मसाला' नंतर प्रदर्शित झाला.

बातम्यांनी काय दिलं, हे बघण्यासारखं आहे. हलत्या हातांचा आधार नाही, संगीत नाही, फक्त चेहरा, डोळे आणि शब्द. सावळा चेहरा कॅमेऱ्यासमोर स्थिर ठेवून लोकांना ऐकायला लावणं ही त्यांची शाळा होती. आमच्या मते 'उंबरठा'तली शांतता तिथूनच आलेली आहे.

आज तो रस्ता तसाच नाही. तेव्हाची मालिका आठवड्याला एक भाग अशी असे. प्रिया तेंडुलकरांची 1985 सालची 'रजनी' घ्या. आठवडाभर लोक वाट बघत, आणि नटीला मध्ये श्वास घ्यायला, नाटक करायला वेळ असे. रोजच्या मालिकेत महिन्यातले वीस-पंचवीस दिवस सेटवर जातात. सिनेमावाले सलग 30-40 दिवस मागतात, ते देता येत नाहीत. शिवाय रोज दिसणारा चेहरा थिएटरात तिकीट काढून बघायला लोक कचरतात, असं निर्माते मानतात. ते सगळं खरं नाही. पण त्यांच्या मानण्यावर कामं ठरतात.

ग्रामीण चेहऱ्याला सिनेमात वाट नाही, असं मात्र नाही. मिताली जगताप यांना 'बाबू बँड बाजा'साठी आणि उषा जाधव यांना 'धग'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही भूमिका गावातल्या गरीब आयांच्या.

वय 46. गावच्या नाटकात कामं केली. आता कुणी घेईल का?
– एक अंगणवाडी सेविका, ता. धामणगाव रेल्वे

काकू, आईच्या भूमिका करायला वय आड येत नाही, उलट ते लागतंच. पण एक गंमत ध्यानात ठेवा. रीमा लागू यांनी 1989 च्या 'मैंने प्यार किया'त सलमान खानची आई केली तेव्हा त्या 31 वर्षांच्या होत्या, मुलापेक्षा जेमतेम सात वर्षांनी मोठ्या. म्हणजे 46 च्या बाईसाठी लिहिलेल्या भूमिकेला तिशीतल्याही रांगेत असतात. मुंबईत खोली घेऊन वाट बघण्यापेक्षा इथं सुरुवात करा. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी अमरावती, नागपूर, चंद्रपूरला होते, तिथल्या एखाद्या संस्थेत शिरा. विदर्भात चित्रीकरण आलं की ते लोक अशा संस्थांकडंच चेहरे विचारतात. एक-दोन दिवसांचं काम असेल तर पैसे त्याच दिवशी मागून घ्या. आणि केस रंगवू नका. पांढरे केस आणि उन्हानं रापलेला चेहरा मेकअपनं आणायला दोन तास लागतात, तुमच्याकडं तो आयता आहे. सेवेची परवानगी मात्र कार्यालयाकडून लेखी घ्या.

शिकून जायचं असेल तर कुठं?
– तिघींनी विचारलं आहे

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचं. पदवी लागते, आणि आधी किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा. म्हणून युवा महोत्सवातली एकांकिका, स्पर्धेची प्रमाणपत्रं फेकू नका. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षणाच्या संस्थेत पडद्यावरच्या अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मराठीतून शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, आणि बुलढाणा-वाशिमवाल्यांना जवळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. एक महिन्यात 'हिरॉईन' करणारे क्लास यांत धरलेले नाहीत.

सेटवर कुणी त्रास दिला तर तक्रार कुठं?
– नाव-गाव नको

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. सेट हेही कामाचं ठिकाणच, आणि रोजंदारीवरची नटीही त्यात येते. समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. तारीख, वेळ, कोण हजर होतं ते त्याच रात्री लिहून ठेवा. पोलिसांत जायचा हक्क वेगळा आहेच, त्यासाठी समितीची वाट बघावी लागत नाही. ऑडिशन कार्यालयात, दिवसा आणि सोबत कुणीतरी घेऊन. हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जायचंच नाही, मग नाव कितीही मोठं असो.

हंगामात रोज प्रयोग असतो. जानेवारीपर्यंत आवाज बसतो. काय करावं?
– झाडीपट्टीतली एक कलाकार, जि. गडचिरोली

आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नका. कुजबुजण्यानं स्वरतंतूंवर साध्या बोलण्यापेक्षा जास्त ताण येऊ शकतो. गप्प राहा, पाटीवर लिहा. प्रयोगाआधी दहा मिनिटं तोंड मिटून हुंकार, खालच्या पट्टीतून वर. एकदम तार सप्तकात गाऊ नका. साध्या पाण्याची वाफ दिवसातून दोनदा. पाणी घोटघोट, रात्रभर, कोमट. गळ्याला मफलर चांगला, पण खरं नुकसान थंडीनं कमी आणि जेवणाच्या वेळेनं जास्त होतं. पहाटे पाचला प्रयोग संपवून तिखट रस्सा-भात खायचा आणि लगेच आडवं व्हायचं, की आम्ल वर येतं आणि स्वरतंतू भाजतात. मुख्य जेवण प्रयोगाच्या तीन तास आधी करा, पहाटे हलकं काहीतरी.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. जागरणासाठी विंगेत सगळेच खातात, बायकाही. त्यातल्या सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते आणि जबडा हळूहळू कमी उघडतो. आरशासमोर आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. ती जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडं याच आठवड्यात. तोंड दोन बोटं उघडणाऱ्या नटीचा 'आ' मोकळा निघत नाही, मग ती गळ्यावर जोर देते, आणि आवाज जानेवारीऐवजी डिसेंबरातच बसतो. तीन आठवडे विश्रांती घेऊनही घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीनं तपासून घ्या. तंतूंवर गाठी असतील तर त्या वाफेनं जात नाहीत.